बोअरमधले बुडबुडे आणि पुरवणीत नसलेल्या शास्त्रज्ञ स्त्रिया

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या महिन्यातील एकाच अंकात दोन मजकूर छापून आले होते. आतल्या पानावर माण तालुक्यातील एका वस्तीवर बोअरमधून ‘गॅस’ येत असल्याची बातमी होती. तिच्यात ‘भूगर्भातील हालचाली’, ‘ज्वालामुखीची शक्यता’ आणि ‘ग्रामस्थांत घबराट’ हे तिन्ही शब्दप्रयोग एकाच परिच्छेदात बसवले होते. त्याच अंकाच्या पुरवणीत शास्त्रज्ञ स्त्रियांवर पानभर लेख होता. तो मी आवडीने वाचला. परंतु त्यातील बहुतेक सगळ्या जणी आकाशाकडे पाहणाऱ्या होत्या आणि उरलेल्या औषधे व लसी यांवर काम करणाऱ्या. जमिनीकडे पाहणारी एकही नव्हती. पृथ्वीच्या पोटातून बाहेर पडणारे वायू, गरम पाणी आणि खारे द्रव यांच्या अभ्यासात ज्या स्त्रियांनी उभे आयुष्य घालवले, त्यांच्यापैकी कुणाचे तरी नाव पुरवणीत आले असते, आणि आतल्या पानाच्या बातमीदाराने ते वाचले असते, तर ती बातमी तशी छापली गेली नसती, असे मला वाटते. त्यासाठीच हे पत्र.

मी कराडमध्ये बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. बातमीतील वस्ती माझ्या बहिणीच्या सासरच्या गावापासून फार लांब नाही, म्हणून मी मुद्दाम जाऊन आले. बोअर सहाशे फुटांच्या आसपास खोल आहे. वीज आल्यावर मोटर सुरू केली की पहिली काही मिनिटे पाणी दुधासारखे पांढरे येते आणि पाइपच्या तोंडाशी फसफसते. गावातली तरुण मुले आगपेटी घेऊन उभी होती. त्यांना मी आधी दूर केले, कारण बोअरच्या तोंडाशी काडी ओढून पाहणे हा प्रयोग नव्हे, तो जिवाशी खेळ आहे, आणि खरोखर मिथेन असता तर त्यांच्या भुवया तरी नक्की जळाल्या असत्या. मग घरातून काचेचा एक पेला मागवला, पाणी भरले आणि कट्ट्यावर ठेवून सगळ्यांना नुसते पाहायला सांगितले. पेल्यातला पांढरेपणा तळाकडून वर निवळत गेला. मिनिट-दीड मिनिटात तळ स्वच्छ झाला, मग मधला भाग, आणि शेवटी काठाशी राहिलेली पांढरी कडाही विरली. गाळ असता तर वरून खाली निवळला असता. खालून वर निवळले, याचा अर्थ तो पांढरेपणा बारीक बुडबुड्यांचा होता आणि ते बुडबुडे वर चढून फुटत होते. पातळी खाली गेलेल्या बोअरमध्ये पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो. खाली दाबाखाली ती हवा पाण्यात विरघळते आणि वर दाब सुटला की सोड्याच्या बाटलीसारखी बाहेर पडते. उन्हाळ्यात माण-खटावच्या कितीतरी बोअरांना हे होते.

तेवढ्यावरून मी काही सिद्ध केले, असा माझा दावा नाही. पेला एवढेच सांगतो की तो वायू आहे. कोणता आहे, ते सांगत नाही. वस्तीवरच्या वृद्ध गृहस्थांनी मला तोच प्रश्न विचारला, आणि तो बातमीतल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला होता: “बाई, हवाच हाय हे कशावरनं?” या प्रश्नाचे उत्तर द्यायला जगभरात एक शास्त्र उभे आहे आणि त्याची हत्यारे पाहिली तर कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेला ती परकी वाटणार नाहीत. ज्वालामुखीच्या किंवा गरम झऱ्याच्या वायूचा नमुना घेण्यासाठी जाड काचेची, आतली हवा पूर्ण काढून घेतलेली बाटली वापरतात आणि तिच्या तळाशी कॉस्टिक सोड्याचे द्रावण असते. नळी जमिनीच्या भेगेत खुपसून बाटलीची चावी उघडली की वायू द्रावणातून बुडबुडत आत शिरतो. कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू आणि हायड्रोजन क्लोराइड यांना सोडा गिळून टाकतो. नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन, अरगॉन आणि हेलियम हे त्याला न जुमानणारे वायू वरच्या मोकळ्या जागेत साठतात. अशा रीतीने नव्वद टक्के गर्दी खाली बसते आणि उरलेल्या थोड्यांची नीट मोजदाद करता येते. हेलियमसाठी मात्र काचही पुरत नाही, कारण त्याचे अणू इतके लहान की कालांतराने काचेतूनही निसटतात. त्याच्यासाठी तांब्याची नळी घेतात आणि दोन्ही टोके शिकंज्याने चेपून बंद करतात. बाहेरच्या हवेचा एक घोट आत शिरला की अख्खा नमुना वाया, म्हणून हे काम करणाऱ्यांचे हात स्वयंपाकात पाक पाहणाऱ्यांसारखे सावध असावे लागतात.

हेलियमचे नाव निघाले की आपल्याकडे विजयदुर्ग आठवतो. किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून १८६८ साली हेलियमचा शोध लागला, असे वृत्तपत्रांत दर वर्षी छापून येते. प्रत्यक्षात १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचे निरीक्षण गुंटूर येथून केले होते आणि लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ त्या दिवशी भारतात नव्हता. हेलियमची खूण ठरलेली प्रकाशातील पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच पाहिली. कोकणाचा अभिमान मलाही आहे, पण हेलियमसाठी कोकणात जायचेच असेल तर विजयदुर्गापेक्षा संगमेश्वर तालुक्यात जावे. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणवरून गेले की महामार्गालगत आरवली, तुरळ, राजवाडी ही उन्हाळ्यांची, म्हणजे गरम झऱ्यांची, गावे लागतात. तिथल्या कुंडात पाय सोडून बसणाऱ्यांना तळातून एकामागोमाग एक सुटणारे बुडबुडे दिसतात आणि सडक्या अंड्याचा हलका वास येतो. ते बुडबुडे मुख्यतः नायट्रोजनचे आहेत आणि त्यांच्यात हेलियमही आहे, हे अभ्यासकांनी मोजलेले आहे. बुडबुड्यांवर उलटे नरसाळे धरून त्याच्या नळीवर पाण्याने भरलेली बाटली पालथी घालायची; वायू चढत जातो आणि पाणी खाली उतरते. हे माझ्या अकरावीच्या मुलींनी एका सहलीत करून पाहिले होते आणि कुंडावर आंघोळीला आलेल्या मंडळींनी “पोरींनो, पाणी विकत न्यायचंय का?” म्हणून त्यांची थट्टाही केली होती.

त्या हेलियमचे महत्त्व असे की तो आपले कूळ सांगतो. हेलियमचे दोन प्रकार आहेत. हलका हेलियम पृथ्वी घडली तेव्हापासून खोल प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, अडकलेला आहे. जड हेलियम खडकांतील युरेनियम व थोरियम झिजताना सतत तयार होत असतो. बाहेर आलेल्या वायूत या दोहोंचे प्रमाण पाहिले की तो प्रावरणातून आला की वरच्या ग्रॅनाइटातून, हे कळते. प्रावरणातून येणाऱ्या वायूत हलक्या हेलियमचे प्रमाण हवेतल्या प्रमाणाच्या सुमारे आठपट असते, तर कवचातील जुन्या खडकांच्या वायूत ते हवेच्या काही शतांश असते. कोकणच्या झऱ्यांचा हेलियम दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे कवचातला आहे. ‘ज्वालामुखीची शक्यता’ हे शब्द छापण्यापूर्वी असा एखादा आकडा विचारायला हरकत नव्हती.

आता पुरवणीच्या लेखाकडे येते. जमिनीतून सुटणाऱ्या वायूंपैकी एकाची ओळख पटवण्यातच एका बाईचा हात आहे आणि तिचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मी कधी वाचले नाही. हॅरिएट ब्रुक्स कॅनडात १८७६ साली जन्मल्या आणि मॅकगिल विद्यापीठात रदरफर्ड यांच्याबरोबर काम करत होत्या. किरणोत्सारी पदार्थांतून काहीतरी ‘उत्सर्जन’ बाहेर पडते, एवढे तेव्हा ठाऊक होते. ते वाफ आहे, धूळ आहे की आणखी काही, यावर मतभेद होते. १९०१ मध्ये ब्रुक्स आणि रदरफर्ड यांनी ते हवेत किती वेगाने पसरते हे मोजून तो एक जड वायू असल्याचे दाखवले. त्यालाच आज आपण रेडॉन म्हणतो. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजात शिकवत असताना ब्रुक्स यांचे लग्न ठरले, तेव्हा लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल, असे त्यांना कळवण्यात आले. आपला व्यवसाय करण्याचा हक्क स्त्रीने लग्नामुळे सोडू नये, हे आपल्या व्यवसायाप्रति आणि स्त्रीजातीप्रति आपले कर्तव्य आहे, असे त्यांनी अधिष्ठात्यांना लेखी उत्तर दिले. कॉलेज बधले नाही. पुढे त्या काही काळ मारी क्युरी यांच्या प्रयोगशाळेत होत्या, मग लग्न झाले आणि संशोधन तिथेच थांबले. त्यांच्यासाठी दिलेल्या एका शिफारसपत्रात रदरफर्ड यांनी लिहिले होते की किरणोत्साराच्या क्षेत्रातील स्त्रियांत मादाम क्युरींच्या खालोखाल या बाईचे नाव घ्यावे लागेल.

रेडॉनच्या अंगी एक गुण आहे. तो पावणेचार-चार दिवसांत निम्मा होतो, म्हणून जमिनीच्या वरच्या थरात तो सापडला की तो फार दुरून रमतगमत आलेला नसतो, कुठल्या तरी भेगेतून लवकर वर आलेला असतो. म्हणूनच खडकांतील भेगा शोधायला त्याचा उपयोग होतो, आणि भूकंपापूर्वी रेडॉन वाढतो का, हा प्रश्न कित्येक दशके तपासला जात आहे. १९९५ च्या कोबे भूकंपापूर्वी तिथल्या भूजलात रेडॉन वाढल्याची नोंद आहे. तसाच वाढलेला रेडॉन अनेकदा भूकंपाशिवायही दिसतो. त्यावरून तारीख-वार सांगणारे भाकीत करता येत नाही, आणि कोयना भागात कुणी तसे सांगत असेल तर त्याला पुरावा मागावा.

ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन वायू गोळा करणाऱ्यांची गोष्ट पुरवणीला शोभली असती. १४ जानेवारी १९९३ रोजी कोलंबियातील गालेरास ज्वालामुखीच्या विवरात शास्त्रज्ञांचा गट उतरला होता. काही जण भेगांतून वायूच्या बाटल्या भरत होते. त्याच वेळी स्फोट झाला. सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक मारले गेले. जखमींना आणायला तापलेले दगड आणि राख यांतून विवरात शिरणाऱ्यांत पुढे होत्या मार्ता काल्वाचे आणि पॅट्रिशिया मोथेस या दोन भूवैज्ञानिक स्त्रिया. दुसरा स्फोट होणार नाही, याची हमी त्या दिवशी कुणीच देऊ शकत नव्हते. काल्वाचे यांनी पुढेही ज्वालामुखींचे आणि भूधोक्यांचेच काम केले. आता विवरात माणूस पाठवण्याऐवजी ड्रोन पाठवण्याकडे कल आहे. पापुआ न्यू गिनीतील मानाम बेटावर एमा लिऊ यांच्या नेतृत्वाखालील गटाने धुराच्या लोटात ड्रोन घालून वायू मोजले.

मला स्वतःला सर्वांत जवळच्या वाटतात त्या बार्बरा शेरवूड लोलर. टोरंटो विद्यापीठातील या भूरसायनशास्त्रज्ञ कॅनडातल्या टिमिन्सजवळच्या किड क्रीक खाणीत उतरतात. तिथे जमिनीखाली २.४ किलोमीटरवर खडकाच्या भेगांतून पाणी झिरपत होते. त्या पाण्यात विरघळलेले झेनॉन, निऑन, अरगॉन यांसारखे वायू तपासले, तेव्हा ते पाणी किमान शंभर कोटी वर्षे बाहेरच्या जगापासून तुटलेले आहे, असे २०१३ मध्ये जाहीर झाले; त्याच खाणीत आणखी खोल, तीन किलोमीटरच्या आसपास, सुमारे दोनशे कोटी वर्षे जुने पाणी पुढे मिळाले. ते पाणी त्यांनी चाखूनही पाहिले आहे: समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट आणि कडवट. बाहेर येते तेव्हा ते स्वच्छ आणि पातळ काकवीसारखे दाटसर असते, आणि हवा लागली की त्यातले लोखंड गंजून त्याला नारिंगी झाक येते. त्यात हायड्रोजनही असतो; खडक आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून आणि किरणोत्सारातून तो तयार होतो, आणि सूर्यप्रकाशाचा किरणही न पोचणाऱ्या त्या अंधारात सूक्ष्मजीव त्यावर जगतात. २०१९ मध्ये त्यांना कॅनडाचे हर्झबर्ग सुवर्णपदक मिळाले.

समुद्रतळावरचे एक उदाहरण थोडक्यात सांगते. डिसेंबर २००० मध्ये अटलांटिक महासागराच्या मध्यावर एका संशोधन जहाजावर रात्रपाळीत खालून येणारी चित्रे पाहताना ग्रेचेन फ्रू-ग्रीन या भूवैज्ञानिकेला पडद्यावर पांढरे काहीतरी उभे दिसले. ती गरम पाण्यातून साचलेल्या चुनखडीची धुराडी होती, सर्वांत उंच धुराडे साठ मीटरचे. मोहिमेच्या प्रमुख डॉना ब्लॅकमन होत्या आणि त्या जागेचा पुढचा अभ्यास प्रामुख्याने डेबोरा केली यांनी केला. तिथे उष्णता लाव्ह्याची नाही. समुद्राचे पाणी प्रावरणातील खडकाशी अभिक्रिया करते, त्यातून ऊब, हायड्रोजन आणि मिथेन मिळतात.

आपल्या वाचकाला सर्वांत उपयोगी पडले असते ते अझोर्स बेटांवरील फातिमा विव्हेरोस यांचे काम. साओ मिगेल बेटावरचे फुर्नास हे गाव झोपलेल्या ज्वालामुखीच्या खळग्यातच वसले आहे आणि तिथल्या जमिनीतून कार्बन डायऑक्साइड मुरत-मुरत घरांत शिरतो. विव्हेरोस आणि त्यांचे सहकारी अंगणात, तळघरात, जमिनीलगत हे प्रमाण मोजत आले आहेत, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि जमिनीवर खेळणाऱ्या लेकराला किंवा खाली निजलेल्या माणसाला त्याचा धोका आधी असतो. कॅमेरूनमधील न्योस सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री हाच वायू एकदम सुटला आणि दरीत उतरला, तेव्हा सतराशेहून अधिक माणसे झोपेत गेली. आपल्याकडे ज्वालामुखी नाही, हे खरे. परंतु जुनी विहीर उपसायला उतरलेली दोन-तीन माणसे एकापाठोपाठ एक गुदमरून गेल्याची बातमी आपण दर काही वर्षांनी छापता, आणि तिथेही बहुतेकदा असाच जड वायू, कमी झालेला ऑक्सिजन किंवा आत चालवलेल्या डिझेल पंपाचा धूर कारणीभूत असतो. जुन्या माणसांना विहिरीत आधी कंदील सोडायची रीत ठाऊक होती. कंदील विझला तर कुणी उतरायचे नाही. पंपाच्या धुरातला विषारी वायू मात्र कंदिलाला कळत नाही, हे त्यात जोडून सांगायला हवे. बुडबुड्यांच्या बातमीशेजारी चौकट करून एवढे छापले असते तरी कुणाचा जीव वाचला असता.

हे सगळे दूर देशीचे झाले, असे कुणी म्हणेल. म्हणून कोयनेविषयी लिहिते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि आम्ही पाटणजवळ राहत होतो. मांडणीवरची भांडी अंगावर येत होती, कुणीतरी मला गोधडीसकट उचलून अंगणात टाकले, आणि उजाडले तेव्हा परड्यातल्या आडाचे पाणी चहासारखे गढूळ झालेले होते. “आड खवळलाय, कुणी पाणी शेंदू नका,” असे आजी म्हणाली आणि आम्ही दोन दिवस नदीचे पाणी उकळून प्यायलो. ६.३ प्रतीच्या त्या धक्क्यात दोनशेच्या आसपास माणसे गेली. धरणाच्या पाण्याशी या भूकंपांचे नाते आहे, हे आता सर्वमान्य आहे, आणि साठलेल्या पाण्याचा दाब खडकांच्या भेगांतून खोल कसा पोचतो, हाच त्यातील कळीचा प्रश्न आहे. भारतातील जलाशयांजवळच्या भूकंपांवर, त्यात कोयनेवरही, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक राहिलेल्या भूकंपशास्त्रज्ञ कुसला राजेंद्रन यांनी काम केले आहे. त्यांचे नाव तरी आपल्या पुरवणीत यायला हवे होते.

कोयना भागात पाण्याची पातळी टिपण्यासाठी निरीक्षण-विहिरी आहेत. त्यापलीकडे, कराडला लागून असलेल्या हजारमाचीत केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा आहे आणि तिने पाटण तालुक्यातील गोठणे येथे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक छिद्र घेतले; ते २०१७ मध्ये पूर्ण झाले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर आपला ओळखीचा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट, म्हणजे वयाने किड क्रीकच्या खडकाच्या पंगतीत बसणारा. पण फरक लक्षात घ्यावा असा आहे. कॅनडात त्या खोलीवर कोट्यवधी वर्षे कोंडलेले पाणी निघाले, आणि कोयनेत तीन किलोमीटर खोलवर जे पाणी आढळले ते पावसाचे आहे. पाण्यातील जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन यांच्या प्रमाणावरून पावसाचे पाणी ओळखता येते. पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आपल्या डोंगरांतून थेंब इतका खोल उतरतो आणि ताणाखाली असलेल्या खडकांत फिरतो, ही बातमी आपल्या जिल्ह्याची होती. ती पहिल्या पानावर आल्याचे मला तरी स्मरत नाही. बोअरमधले बुडबुडे मात्र फोटोसह आले.

आता एक तक्रार, जी आपल्याविरुद्ध नाही. माझी एक विद्यार्थिनी, दगडांची वेडी, बारावीनंतर भूशास्त्र घेऊन एका महाविद्यालयात गेली. दुसऱ्या वर्षी घाटातील क्षेत्र-अभ्यासाच्या वेळी मुलींच्या मुक्कामाची सोय नाही, या कारणाने मुलींना मागे ठेवण्यात आले आणि त्यांना प्रयोगशाळेत डब्यातले दगड ओळखायला बसवले. भेगांचा नकाशा तिने एका मुलाच्या वहीवरून उतरवून काढला आणि गुण मात्र पूर्ण मिळवले. ती वही दाखवायला ती माझ्याकडे आली होती. “मॅडम, हा उतार मी पाहिलेला नाही, पण काढला बरोबर आहे,” असे म्हणाली. आज ती बँकेत आहे आणि सुखी आहे. कायद्याचेही तसेच होते. १९५२ च्या खाण अधिनियमाच्या कलम ४६ ने जमिनीखालच्या खाणीत स्त्रीला कामावर ठेवायला मनाई होती; जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या कामांसाठी सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेत, स्त्रीच्या लेखी संमतीने आणि किमान तिघींच्या गटात, ती सैल केली. खाणीत उतरून मिळणारे पाणी खाणीत उतरल्याशिवाय मिळत नाही. शेरवूड लोलर इथे जन्मल्या असत्या तर नोकरीत राहून त्या पाण्यापर्यंत कशा पोचल्या असत्या, हा प्रश्न मला पडतो.

आपल्याकडे माझी मागणी मोठी नाही. हजारमाचीची प्रयोगशाळा आपल्या कराडच्या कार्यालयापासून रिक्षाने जाण्याइतकी जवळ आहे. तिथे जाऊन कोण काय मोजते, त्यात स्त्रिया किती आहेत, त्यांना गोठणे येथील माळावर पावसात कसे काम करावे लागते, हे विचारून सविस्तर छापावे. दुसरे, जमिनीतून वायू, वाफ किंवा रंगीत पाणी आल्याची बातमी पुढच्या वेळी आली की छापण्यापूर्वी एखाद्या भूशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या शिक्षकाला दूरध्वनी करावा. जिल्ह्यात महाविद्यालये कमी नाहीत आणि आम्ही निवृत्त मंडळी तर फोनची वाटच पाहत असतो. तिसरे, ज्या महाविद्यालयांत अजूनही क्षेत्र-अभ्यासाला मुलींना वगळले जाते, तिथल्या मुलींची पत्रे आपण मागवावीत आणि नावे न देता छापावीत.

वस्तीवरच्या त्या गृहस्थांना मी पाण्याचा नमुना क्षार आणि फ्लोराइड यांच्या तपासणीसाठी पाठवायला सांगितले आहे, कारण सहाशे फुटांवरच्या पाण्यात बुडबुड्यांपेक्षा ती काळजी मोठी आहे. परवा त्यांचा फोन आला. ओढ्याला दोन दिवस पाणी वाहिले, बोअरची पातळी थोडी वर आली आणि पांढरे पाणी येणे थांबले, असे त्यांनी सांगितले. “पेपरवाल्यास्नी सांगू का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मीच कळवते म्हणाले. म्हणून तेही या पत्रात कळवत आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक जुनी वाचक आणि निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
कराड, जि. सातारा